एमबीएच्या वर्गात आठ महिने 'बिअर गेम': वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरातील एका व्यवस्थापन महाविद्यालयात मी पुरवठा साखळी व्यवस्थापन शिकवते. गेल्या जुलैपासून दोन सत्रांत मिळून अकरा वेळा मी 'बिअर गेम' वर्गात खेळवला. आधी कागदी पटावर, मग संगणकावर आणि शेवटी पुन्हा पटावर.

खेळ जुना आहे. जे फॉरेस्टर यांच्या सिस्टिम डायनॅमिक्सच्या, म्हणजे एखादी व्यवस्था काळानुसार कशी बदलत जाते याच्या अभ्यासाच्या, कामातून तो अमेरिकेतील एमआयटीत १९६० च्या दशकात आकाराला आला. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या. ऑर्डर वर पोचायला आणि माल खाली यायला आठवडे जातात. शिल्लक पेटीमागे दर आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि मागणी असूनही देता न आलेल्या पेटीमागे एक डॉलर. एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त चिठ्ठीवर आकडा लिहून पुढे सरकवायचा.

ज्या आसूड-परिणामावर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीतला छोटा बदल साखळीत वर जाताना मोठा होत जाण्याच्या 'बुलव्हिप इफेक्ट'वर, मी पूर्वी दोन तास फळ्यावर खडू झिजवत असे, तो येथे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हातून घडतो. पहिल्याच तुकडीत एका गटाच्या कारखान्यासमोर ४० पेट्यांची चिठ्ठी येऊन पडली आणि तेथे बसलेली मुलगी वितरकाकडे असे काही पाहू लागली, की बोलायची बंदी आहे हे बरेच झाले असे मला वाटले. खेळ संपल्यावर मी कारखाना, वितरक आणि घाऊक व्यापारी या तिघांना, गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल याचा अंदाजाने आलेख काढायला सांगते. बहुतेक जण डोंगरदऱ्या काढतात. मग मी किरकोळ दुकानदाराकडची, गिऱ्हाइकाची मागणी लिहिलेल्या पत्त्यांची गड्डी उलटी करून दाखवते: पहिले चार आठवडे ४ पेट्या, पाचव्या आठवड्यापासून ८, आणि पुढे शेवटपर्यंत ८च. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी एवढा खटाटोप करावा असे माझे मत आहे. एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गटांचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता. हे मी आलेखांनंतरच सांगते, म्हणजे मुलांना थोडा दिलासाही मिळतो.

त्या चर्चेत शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीमालकाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे वरून शेड्यूल वाढलं की पप्पा लगेच पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, जास्तीचं भरून ठेवतात, आणि पुढच्या महिन्यात शेड्यूल पडलं की तेच अंगावर येतं." पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा हे वाक्य वर्गाला अधिक पटले.

खेळाच्या नावावरून काही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, म्हणून मी पेट्यांच्या जागी गुळाच्या ढेपा आणि कारखान्याच्या जागी गुऱ्हाळ केले. तो प्रयोग फसला. करवीर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने पहिल्या दहा मिनिटांतच विचारले, की ऊसच नसेल त्या महिन्यांत गुऱ्हाळवाला ऑर्डर घेईल कशी? प्रश्न बिनतोड होता. आता आम्ही सरळ 'शीतपेय' म्हणतो.

दुसरा फसलेला बदल मात्र मला अधिक शिकवून गेला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि शहरात पेट्रोल, दूध, भाजीची टंचाई झाली, हे येथील प्रत्येक मुलाला आठवते. म्हणून तीन आठवडे वाहतूक बंद ठेवणारे 'पुराचे कार्ड' मी घातले. खेळ रंगला, पण चर्चेत सगळ्या चुकांचे खापर पुरावर फुटले. बाहेरून काहीही संकट आलेले नसताना, कोणीही वेडेपणा केलेला नसताना साखळी कोलमडते, हेच तर या खेळाचे मर्म. ते कार्डामुळे झाकले गेले. पूर आता दुसऱ्या फेरीत येतो, पहिलीत नाही.

संगणकावरील आवृत्तीबद्दल थोडक्यात सांगते. हिशेब बिनचूक होतो, आलेख आपोआप निघतो आणि वेळ जवळपास निम्मा लागतो. परंतु पटावर माल एकेका चौकोनाने पुढे सरकताना दिसतो, विलंब डोळ्यांना जाणवतो. पडद्यावर तो केवळ एक आकडा उरतो, आणि वाटेत असलेला माल विसरून पुन्हा ऑर्डर देणे ही खेळातली सर्वांत मोठी चूक का होते, हे तेथे नीट उमगत नाही. शिवाय पावसाळ्यात नेट गेले की अर्धा वर्ग मध्येच अडकतो. म्हणून पहिली ओळख पटावरच करून द्यावी. त्यासाठी एका तासाची तासिका पुरत नाही. आम्ही शनिवारची अख्खी सकाळ घेतो. खर्चावर गुण देण्याची चूकही मी एकदा केली, तेव्हा मुले शिकण्याऐवजी एकमेकांच्या चिठ्ठ्यांत डोकावू लागली.

एक अडचण सुटलेली नाही. आठचे गुपित वसतिगृहातून पुढच्या तुकडीपर्यंत पोचते. जानेवारीत कारखान्याच्या जागी बसलेल्या एका मुलाला ते आधीच ठाऊक होते. तो शांतपणे दर आठवड्याला ८ पेट्यांचेच उत्पादन लावत राहिला, आणि चौदाव्या आठवड्यात त्याने एकदम २५ लिहिले. नंतर मी कारण विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, आठच आहे हे मला माहीत होतं, पण समोर दर वेळी तीसची चिठ्ठी येत होती."