मर्मर असलेल्या कुत्र्याला भूल देण्याआधी: एक्स-रे, टूडी इको की ईसीजी?

दहा-बारा वर्षांच्या छोट्या कुत्र्याचे दात साफ करायचे आहेत आणि तपासताना डॉक्टरांना मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा फुसफुस आवाज, ऐकू आली. या वयात, या आकारात बहुतेकदा त्यामागे मायट्रल झडपेची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची) झीज असते. मर्मर आहे म्हणून भूल देताच येत नाही, असं नाही. हृदय वाढलंय का आणि फुफ्फुसात पाणी आहे का, हे आधी कळायला हवं. ही दोन उत्तरं दोन वेगळ्या तपासण्या देतात.

फुफ्फुसातलं पाणी एक्स-रेमध्ये दिसतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यासाठी नाही. डावी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) किती ताणलीय एवढं तो सांगतो. म्हणून खोकला किंवा धाप असेल, झोपेत श्वास मिनिटाला 30च्या वर जात असतील, तर आधी एक्स-रे. मात्र धाप लागलेल्या कुत्र्याला पाठीवर उताणं धरून फोटो काढू देऊ नका. पोटावर बसवून काढता येतो. ओढाताणीतच श्वास कोंडतो, म्हणून आधी ऑक्सिजन. एक्स-रेवर हृदयाचा आकार मणक्यांच्या मापाने मोजतात. साधारण 10.5 मणक्यांपर्यंत ठीक धरतात, पण काही जातींत निरोगी हृदयही याच्या पुढे जातं.

लक्षणं काहीच नाहीत, पण मर्मर 6पैकी 3 किंवा अधिक श्रेणीची आहे? मग पैसे इकोवर घालावेत. डाव्या कर्णिकेचं महाधमनीशी प्रमाण 1.6 किंवा जास्त आणि वजनानुसार काढलेलं डाव्या जवनिकेचं (खालच्या कप्प्याचं) माप 1.7 किंवा जास्त, ही दोन्ही जुळली तर पिमोबेंडान हे हृदयाला बळ देणारं औषध सुरू करण्याची वेळ आलेली असते. तातडी नसेल तर आधी औषध, मग दात.

ईसीजी फक्त ठोक्यांची लय सांगतो, आकाराबद्दल भरवशाने काही नाही. डॉबरमन आणि बॉक्सरमध्ये मात्र त्याला पर्याय नाही, आणि तिथेही दोन-पाच मिनिटांची पट्टी पुरत नाही. डॉबरमनला 24 तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचं ईसीजी यंत्र) लावावा. 300हून जास्त जादा जवनिका-ठोके दिसले तर इको नॉर्मल असला तरी हृदयस्नायूचा आजार धरून चालतात.

आता शांत करण्याच्या इंजेक्शनचं. इको बहुतेक कुत्र्यांचा जागेपणी, कुशीवर झोपवून होतो. अगदीच अस्वस्थ असेल तर ब्युटॉर्फेनॉल, 0.2 ते 0.4 मिग्रॅ प्रति किलो. कुत्रा पूर्ण निपचित पडत नाही, पण हृदयावर ताण कमी येतो. डेक्समेडेटोमिडीनने तो छान पडतो, त्याचा असर उतरवणारं औषध देऊन लगेच उठवताही येतो, म्हणून ते सोयीचं वाटतं. गळक्या मायट्रल झडपेला ते महागात पडतं: रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पुढे जाणारं रक्त झडपेतून मागे जास्त गळतं, ठोके खाली येतात. इकोची मापंही बिघडतात. ठोके कमी झाले म्हणून वरून ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन दिलं तर आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदय धावतं आणि रक्तदाब धोकादायक चढतो.

भूल दातांसाठी नसून स्कॅनसाठी असेल, तर सीटी काही मिनिटांत उरकतं, कधी नुसत्या सेडेशनवर. एमआरआयला लांब भूल लागते, शिवाय चुंबकामुळे ईसीजी विस्कटतो. दोन्ही चालत असतील तर अशा कुत्र्यासाठी सीटी.

भुलीच्या दिवशी पिमोबेंडान चुकवू नये. एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं) त्या सकाळी द्यायचं की नाही हे आधी विचारून घ्या, कारण आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूसोबत रक्तदाब घसरतो. भुलीपूर्वी तीन ते पाच मिनिटं मास्कने ऑक्सिजन हवा. सरासरी रक्तदाब 60 मिमीच्या खाली गेला की आधी आयसोफ्लुरेन कमी करावं. सलाईन धडाधड सोडलं तर फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणून दर ताशी किलोमागे 2-3 मिली इतकाच ठेवतात. दवाखाना निवडताना रक्तदाब आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) सतत पाहतात का, हे विचारा. घरी आणल्यावर रात्रभर झोपेतले श्वास मोजा. 30च्या वर जाऊन तिथेच राहिले तर सकाळची वाट न पाहता निघा.