सुट्या केसांचं कटिंग: फोटोशॉप, ॲफिनिटी, गिम्प की फोटोपिया?

नागपुरात मानेवाड्याला माझ्या भाच्याने नवा स्टुडिओ टाकला आहे. दहा बाय बाराची खोली, पांढरा पडदा, दोन लाइट आणि एक कॉम्प्युटर. परवा त्याने विचारलं, "मामा, सगळे म्हणतात फोटोशॉपच घे. पण त्याचं दर महिन्याचं भाडं सध्या जमत नाही ना. फुकटवाल्यांत केस निघतात का?"

प्रश्न नेमका होता. कटिंग म्हणजे फोटोतला माणूस मागच्या बॅकग्राउंडपासून वेगळा काढणं. खांदा, साडीचा काठ, बुटाची टाच हे सगळं कुठेही पेन टूलने, कडेने रेघ आखून, कापून होतं. काम अडतं ते केसांपाशी. म्हणून आम्ही दोघं लागोपाठ दोन रविवार बसलो. त्याच्याच कामातले तीन फोटो घेतले आणि फोटोशॉप, ॲफिनिटी, गिम्प आणि फोटोपिया या चारही सॉफ्टवेअरमध्ये तेच कापून पाहिले. पहिला पासपोर्टचा, पांढऱ्या पडद्यासमोर कुरळे मोकळे केस असलेल्या मुलीचा. दुसरा फुटाळा तलावाच्या काठावरचा प्री-वेडिंग, सूर्य मावळताना वाऱ्यावर उडणाऱ्या केसांचा. तिसरा एका आजोबांचा, श्रद्धांजलीसाठी आलेला.

आधी केस इतके का छळतात ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून नवरीचा पायापर्यंतचा फोटो काढला, तर साधारण १.८ मीटर उंची ६००० पिक्सेलमध्ये बसते. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ०.३ मिलिमीटर. माणसाचा केस असतो साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. त्या पिक्सेलमध्ये पाव हिस्सा केस आणि पाऊण हिस्सा मागचं आभाळ. तो पिक्सेल ना केसाचा, ना आभाळाचा. सॉफ्टवेअरला त्यातून दोन गोष्टी काढायच्या असतात: केसाचा हिस्सा किती, आणि आभाळ वजा केल्यावर केसाचा खरा रंग कोणता. हातात आकडे तीनच, लाल, हिरवा, निळा. शोधायचे सात: केसाचे तीन, मागच्याचे तीन आणि हिस्सा. त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजच बांधतं. हिश्शाचा अंदाज आता चौघांनाही बऱ्यापैकी येतो. खरा फरक पडतो तो रंगात.

हे मी महागात शिकलोय. काही वर्षांपूर्वी लॉनवरच्या हळदीचा फोटो कापून १२ बाय ३६ इंची पानावर मरून रंगावर बसवला होता. स्क्रीनवर छान दिसत होता. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते पान १०,८०० पिक्सेल रुंद होतं आणि माझा मॉनिटर १९२०चा, म्हणजे मी जेमतेम सहाव्या हिश्शाएवढं बघत होतो. छापून आलं तेव्हा नवरीच्या केसांभोवती हिरवी कोर होती, गवताची. पान पुन्हा छापून द्यावं लागलं. तेव्हापासून कटिंग बघायचं ते शंभर टक्के झूमवर, आणि ज्या रंगावर बसणार आहे त्याच रंगावर.

पासपोर्टवाल्या फोटोत फारसं सांगण्यासारखं नाही, चौघंही पास. उलट तिथे कटिंगची गरजच कमी. मागचा पडदा पांढरा असेल आणि नवी बॅकग्राउंड फिकी असेल, तर मूळ लेयर (थर) त्या बॅकग्राउंडवर मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालच्या रंगात मिसळून गडद करणाऱ्या मोडवर टाका. पांढरा आपोआप नाहीसा होतो, केस शिल्लक राहतात. चेहरा आणि कपडे तेवढे वरच्या लेयरवर मास्कने (हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा) नॉर्मल ठेवा. हे चारही ठिकाणी होतं आणि एकही केस सिलेक्ट करावा लागत नाही.

इथे गिम्पची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. त्यात 'कलर टू अल्फा' आहे, म्हणजे रंगाच्या जागी पारदर्शकता. पांढरा रंग दाखवला की तो प्रत्येक पिक्सेलमधून तेवढा पांढरा काढून घेतो, आणि हिस्सा व रंग दोन्ही एकदम सुटतात. कुरळ्या केसांच्या टोकाशी एकही पांढरी कोर राहिली नाही. डोळ्यांचा आणि शर्टाचा पांढरा पण उडतो, म्हणून खाली मूळ लेयर ठेवून चेहरा मास्कने परत आणावा लागतो. तरी एकरंगी पडद्यापुरतं हे साधन पैसे घेणाऱ्यांच्या बरोबरीचं आहे, असं मी बिनधास्त म्हणतो.

फोटो चढवला की बॅकग्राउंड काढून देणाऱ्या वेबसाइटचंही त्याने विचारलं. रिमूव्ह डॉट बीजीवर फुकटात मिळणारी प्रत पाव मेगापिक्सेलची. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो, म्हणजे पाव मेगापिक्सेलच्या आतच. पासपोर्टपुरतं भागतं, अल्बमला उपयोग नाही. शिवाय गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा आधी विचारून घेतलेलं बरं.

आता फुटाळा. आमचे दोन्ही रविवार मुख्यतः यातच गेले.

संध्याकाळचं भगवं आभाळ, मुलगी पाठमोरी वळून बघतेय, वाऱ्याने केस पूर्ण पसरलेत आणि मागून येणाऱ्या उन्हाने प्रत्येक बटेची कड सोनेरी झालीय. अल्बममध्ये हा फोटो गडद निळ्या पानावर हवा होता.

फोटोशॉपमध्ये सिलेक्ट सब्जेक्ट दाबलं. हे काम आपल्या कॉम्प्युटरवरही होतं आणि क्लाउडवरही, सेटिंगमध्ये निवडता येतं. क्लाउडवर केसांची कड जास्त बारीक आली, पण त्याला नेट लागतं. मग सिलेक्ट अँड मास्कमध्ये जाऊन रिफाइन हेअर, आणि उरलेल्या बटांवर रिफाइन एज ब्रश. कड मऊ करणारे स्मूथ आणि फेदर शून्यावरच ठेवायचे, ते वाढवले की केसांचा लोण्याचा गोळा होतो. शेवटी डिकंटॅमिनेट कलर्स. म्हणजे कडेच्या पिक्सेलमधला आभाळाचा रंग काढून तिथे केसाचा रंग भरणं, आणि किती भरायचा त्याचा स्लायडरही आहे. जी चूक मला एक पान पुन्हा छापायला लावून गेली, तिचा इलाज या एका खुणेत आहे.

पण भाच्याने तो शंभर टक्क्यांवर नेला आणि फोटोचा जीवच गेला. सोनेरी कड आभाळाची नव्हती, केसांवर पडलेल्या उन्हाची होती. सॉफ्टवेअरला दोन्ही नारिंगीच दिसतात. चाळिसाच्या आसपास आणलं तेव्हा केस पुन्हा उन्हातले वाटायला लागले. मग मी पानाचा रंगच बदलायला सांगितलं: गडद निळ्याऐवजी गडद तपकिरी. निम्म्या कोरी तिथेच विरघळल्या. नवी बॅकग्राउंड जुनीच्या जितकी जवळची, तितकं सॉफ्टवेअर कमी दर्जाचं असलं तरी चालतं. हे कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये पुरेसं सांगत नाहीत.

ॲफिनिटीमध्ये सिलेक्शन ब्रशने ढोबळ भाग धरून रिफाइन दाबायचं आणि मॅट ब्रश केसांच्या कडेवर फिरवायचा. हात बसायला तासभर लागला, पण निकाल पाहून दोघंही गप्प झालो. पसरलेल्या बटा जवळपास फोटोशॉपइतक्याच आल्या. कमी पडलं ते कानामागे, जिथे केसांतून आभाळाचे छोटे तुकडे दिसतात. तिथे हाताने मास्क रंगवावा लागला.

फोटोपिया ब्राउझरमध्ये उघडतं, पण फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, कुठे चढत नाही. त्याच्या रिफाइन एजमध्ये पांढऱ्याने 'हे ठेव', काळ्याने 'हे काढ' आणि करड्याने 'हे तू ठरव' असं रंगवायचं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा नाही, कारण केस कापणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. करडा पट्टा जितका केसांपुरता अरुंद, तितका अंदाज बरोबर. मोठ्या फाइलवर मात्र ते दमतं. १२ बाय ३६ चं पाच-सहा लेयरचं पान त्यात धरू नका.

गिम्पचं फोरग्राउंड सिलेक्टही याच तत्त्वावर चालतं, पण हळू. पूर्ण आकाराच्या फोटोवर लेव्हिन इंजिन (त्यातली अंदाज बांधायची एक पद्धत) लावलं आणि चहा पिऊन आलो तरी गोल फिरतच होतं. डोक्यापुरता तुकडा कापून घेतला तेव्हा निभावलं. आणि हातात येतं ते फक्त सिलेक्शन, कडेचा रंग सुधारणं तुमच्याकडे. त्याची हातची रीत अशी: कापलेल्या लेयरचा अल्फा (पारदर्शकता) लॉक करायचा, म्हणजे रिकाम्या भागावर रंग लागत नाही, केसाचा रंग उचलायचा आणि कमी ओपॅसिटीच्या ब्रशने कडेवरून फिरायचं. जमतं, पण सहाशे फोटोंच्या लग्नात नाही.

एक जुनी युक्ती इथे चौघांतही कामी आली, चॅनलची. चॅनल म्हणजे फोटोतल्या लाल, हिरव्या किंवा निळ्याचं एकेकटं काळं-पांढरं चित्र. आभाळ निळं असेल तर सगळे ब्लू चॅनल घेतात, तीच सवय भगव्या आभाळावर फसते. भगव्यात निळा जवळपास नसतोच, म्हणून ब्लू चॅनलमध्ये आभाळही काळं आणि केसही काळे. रेड चॅनल उघडा, आभाळ पांढरंफटक आणि केस काळेभोर दिसतात. त्याची कॉपी, लेव्हल्सने काळं-पांढरं आणखी ठळक, आणि मास्क तयार. फोटोशॉप ७.० वर एक्स्ट्रॅक्ट फिल्टरने काम केलेल्यांना आठवत असेल, ते पिक्सेलच खोडून टाकायचं. चॅनलने काहीच खोडलं जात नाही, चुकलं तर परत येता येतं.

तिसऱ्या फोटोबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. गावाकडच्या घरात काढलेला, व्हॉट्सॲपवरून तीन-चार मोबाइल फिरून आलेला. क्रीम रंगाची चुन्याची भिंत आणि आजोबांचे विरळ पांढरे केस. घरच्यांना निळ्या बॅकग्राउंडवर, फुलांच्या चौकटीत हवा होता. चौघंही नापास झाले. केस आणि भिंत यांत उजेडाचा फरक नाही. त्यात व्हॉट्सॲपच्या जेपीईजीने रंगाचं रिझोल्यूशन निम्मं केलेलं, म्हणजे अंदाज बांधायला शेजारचे पिक्सेलही धड नाहीत. फोटोशॉपने सर्वांत गुळगुळीत कड दिली आणि तीच सर्वांत वाईट होती: डोकं तासून काढल्यासारखं. ज्या घरात त्या केसांना रोज तेल लागत होतं, तिथे हा फोटो भिंतीवर लागणार.

अशा वेळी कापू नये. आम्ही मोठा मऊ ब्रश घेतला आणि केसांभोवतीची दोन बोटं भिंत तशीच ठेवली. नव्या बॅकग्राउंडचा रंग भिंतीच्याच जवळचा फिका राखाडी घेतला आणि बाहेर जाता जाता दोन्ही एकमेकांत मिसळले. कानाजवळच्या दहा-बारा केसांना एक पिक्सेलच्या ब्रशने उठाव दिला, बस. निळा का नाही, हे भाच्याने त्यांच्या मुलाला नीट समजावून सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बाबाच वाटतात." हे सगळं आम्ही गिम्पमध्ये केलं होतं. श्रद्धांजलीचे फोटो हेच ज्यांचं मुख्य काम, त्यांनी केसांसाठी सॉफ्टवेअरवर पैसे टाकायची गरज नाही.

मग घ्यायचं कोणतं?

पासपोर्ट, पॅनचे फोटो, लॅमिनेशन, अधूनमधून एखादी फ्रेम, असं काम असेल तर गिम्प पुरे. २०२५च्या मार्चमध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आहे, नवी मशीन नसली तरी चालतं. नुकतं शिकताय तर महिनाभर फोटोपिया, जाहिराती सहन करून. महिन्याला चार-पाच अल्बम आणि मध्ये मध्ये फ्लेक्स असतील, तर आज माझं मत ॲफिनिटीकडे झुकतं. २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनवाल्या कॅन्व्हाने ॲफिनिटी बनवणारी कंपनी घेतली आणि २०२५च्या ऑक्टोबरपासून ते फुकट केलं, फक्त कॅन्व्हाचं अकाउंट लागतं. कॅन्व्हाची एआय साधनं मात्र पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात. अल्बमच्या तयार डिझाइन पीएसडीमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलमध्ये येतात. त्या ॲफिनिटीत उघडतात, पण एखादा इफेक्ट हलू शकतो, म्हणून विकत घेण्याआधी एक उघडून पाहा.

आणि सीझनमध्ये रोज पन्नास-साठ कटिंग निघत असतील, दुसऱ्या डिझायनरकडे फाइल जात-येत असेल, तर फोटोशॉपच. सिलेक्शन जादूचं आहे म्हणून नव्हे. रंगाची कोर एका स्लायडरने जाते आणि दर फोटोमागे वाचलेली पाच मिनिटं लगीनसराईत भाड्याहून जास्त किमतीची ठरतात.

भाच्याने सध्या ॲफिनिटी टाकलंय. तुळशीच्या लग्नानंतर काम वाढलं तर फोटोशॉपचा महिन्या-महिन्याचा प्लॅन घ्यायचं ठरलंय. तो दरमहा महाग पडतो, पण जूनमध्ये बंद करता येतो. वर्षभराचा करार करून दरमहा पैसे भरायचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण मध्येच सोडला तर दंड लागतो. पैसे भरायच्या पानावर हे दोन्ही प्लॅन एकाखाली एक असतात, तेव्हा बटण दाबण्याआधी कोणता निवडलाय ते वाचून घ्या.