पिकअप दोन इंच उचलायची की चार?

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी काढायची म्हटली की उंचीचा विषय निघतोच. माझं मत दोन इंचांच्या बाजूनं आहे.

दोन इंचांत पाट्यांचं (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचं) काम थोडक्यात आटोपतं. शॉकअप जुळवायचे, अलाइनमेंट करायचं, झालं. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला चेसिस सहसा घासत नाही.

चार इंचांचं प्रकरण वेगळं. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकचे होज ताणले जातात. आणि कापसाचा विचार करा. तो हलका, पण जागा फार खातो, म्हणून भर डाल्याच्या कितीतरी वर जाते. त्यात गाडीच चार इंच वर! नाल्याच्या उतारावर एका बाजूची चाकं खाली गेली की कलंडायला वेळ लागत नाही. गाठोडी चढवणाऱ्या मजुरांचे खांदे भरून येतात ते वेगळंच.

एक ध्यानात ठेवा: पाटे कितीही उचला, मागचा डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा) जमिनीपासून तेवढाच राहतो. तो मोठ्या टायरनंच वर येतो, तेही व्यास दोन इंच वाढला तर एकच इंच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ अशा बदलांना लागू पडतं, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्या.