खुराड्याचं स्वयंचलित दार: लहान पिल्लांसाठी घ्यावं का?

चार पेन्सिल सेलवर चालणारं, उजेड पाहून किंवा घड्याळ लावून उघडमीट करणारं खुराड्याचं दार आता ऑनलाइन सहज मिळतं. नावं वेगवेगळी, पण आतला माल साधारण एकच: ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात वरखाली सरकणारा पत्रा, छोटी मोटर, उजेडाचा सेन्सर आणि चार बटणांचा डबा. तिन्हीसांजेला कोंबड्या झाकायला घरी कुणीतरी असायलाच हवं, ही ज्यांची अडचण आहे त्यांना ही वस्तू कामाची आहे. मात्र नुकत्याच ब्रूडरमधून (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीतून) काढलेल्या पिल्लांसाठी घेत असाल, तर जरा थांबा. हे दार खुराडं बंद करतं, पिल्लांना आत बोलवत नाही. वाट न शिकलेलं पिल्लू बाहेर असताना ते वेळेवर मिटलं, तर ते पिल्लू रात्रभर दाराला चिकटून बसतं आणि रानमांजराला किंवा उदमांजराला आयतंच सापडतं.

खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ही शिकवण लागत नाही, आईच त्यांना आत नेते. प्रश्न येतो उबवणीच्या मशीनमधल्या पिल्लांचा: गिरिराज, वनराज, कावेरी, कडकनाथ, कुठल्याही जातीची असोत. ५–६ आठवड्यांची झाली, अंगावर पिसं नीट आली, की ती खुराड्यात टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी मोकळी सोडतात. चूक तिथेच होते. पहिले ६–७ दिवस त्यांना बाहेर काढायचंच नाही. दाणापाणी आतच, किंवा खुराड्याला लागून जाळीचा बंदिस्त वाडा असेल तर तेवढ्यात. या काळात खुराड्याची जागा बदलायची नाही, तोंडही फिरवायचं नाही.

सातव्या-आठव्या दिवशी सोडायचं ते सकाळी नव्हे, सूर्य मावळायच्या तासभर आधी आणि उपाशीपोटी. दुपारनंतरचा दाणा रोखून धरा. अंधारायला लागलं की डब्यात दाणे खुळखुळवत ‘ती ती ती’ करून बोलवा आणि मूठभर मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी खुराड्याच्या आत टाका. पिल्लामागे १०–१५ ग्रॅम पुरे. हा संध्याकाळचा दाणा बाहेर एकदाही टाकू नका. बाहेर मिळाला की आत जायचं कारणच संपलं. पुढे रोज अर्धा-पाऊण तास आधी सोडत जा. या दोन आठवड्यांत दार बटणावरच चालवा. सेन्सरही नको, टायमरही नको. मोजदाद झाली की हाताने बंद करायचं.

दार उघडं असूनही पिल्लं उंबऱ्यापाशी घुटमळतात, त्याचं कारण बहुतेकदा अंधार असतो. कोंबडीला रात्री फारसं दिसत नाही, आणि खुराड्याच्या आत बाहेरच्या आधीच काळोख होतो. आत १–२ वॉटचा एलईडी मागच्या भिंतीशी लावा. संधिप्रकाशात १५–२० मिनिटं तो सुरू असला तरी पिल्लं उजेडाकडे सरकतात. सगळी आत आली की विझवा, रात्रभर ठेवायचा नाही.

तरी दोन-चार शेवग्यावर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर चढतातच. त्यांच्यामागे पळू नका. एकदा पळवलं की खुराडं म्हणजे धोका, हे त्यांच्या डोक्यात बसतं. पूर्ण अंधार पडू द्या, मंद टॉर्च घेऊन जा, दोन्ही हातांनी पंखांवरून धरा आणि आतल्या दांडीवर बसवा. सलग ३–५ रात्री हे केलं की बहुतेक सुधारतात. न सुधारणाऱ्यासाठी ती फांदीच छाटा. कोपऱ्यात ढीग करून बसणारी पिल्लंही सुटी करून दांडीवर ठेवा, ढिगात खालची गुदमरतात. सुरुवातीला दांडी जमिनीपासून वीतभर उंच असावी, ४–५ सेंमी रुंद, कडा घासून गोल केलेल्या. खुराडं खांबांवर असेल तर चढायची फळी फार उभी नको, तिच्यावर दर ८–१० सेंमीला पट्टी ठोका. फळीवरून घसरलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी खालीच बसतं.

आता दाराच्या गुणदोषांकडे. सेन्सरपेक्षा टायमर बरा, असं आमचं स्पष्ट मत. पावसाळ्यात भरून आलं की सेन्सर तासभर आधी दार मिटतो, आणि पडवीतला दिवा त्याच्यावर पडत असेल तर रात्री उशिरापर्यंत मिटतच नाही. टायमर लावायचा तर सूर्यास्तानंतर ३५–४० मिनिटांनी. मोठ्या कोंबड्या आधी आत जातात, पिल्लं शेवटी, कारण दांडीवरची जागा मोठ्या अडवतात. (याला उपाय वेगळी दांडी, दुसरा नाही.) टायमर एकदा लावून वर्षभर विसरायचा नसतो. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. नागपूरला सुमारे २५ मिनिटं आधी. दर पंधरवड्याला वेळ पुढेमागे करा. सकाळचं उघडणं तांबडं फुटल्याबरोबर नको, कारण मुंगूस दिवसा फिरणारं जनावर आहे. अंड्यावर आलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) असतील तर नऊ-दहापर्यंत आत ठेवल्या की अंडीही कुंपणात शोधत फिरावं लागत नाही.

घेताना पत्रा बोटांनी वर उचलून पाहा. दोरीवर लटकणारा पत्रा केवळ स्वतःच्या वजनावर खाली बसतो आणि हलका असेल तर रानमांजर नखाने उचलतं. असा असेल तर खालची कड उंबऱ्याच्या खाचेत किमान दोन सेंमी बसेल अशी पट्टी मारा. दातेरी पट्टीवर चालणारं दार या बाबतीत सरस. ‘मध्ये काही आलं तर थांबतं’ हा दावा तपासायचा तर मिटताना खाली पिकलेलं केळं आडवं धरा. केळं चेंगरून दार पूर्ण बसलं, तर लहान पिल्लांसाठी ते बाद. देशी कोंबड्यांना २५ बाय ३० सेंमीची मोकळी जागा पुरते, गिरिराजच्या कोंबड्यासाठी थोडी मोठी घ्या.

बिघाड बहुधा मोटरचा नसतो, खाचेतल्या घाणीचा असतो. तूस आणि वाळलेली शीट साचली की पत्रा अर्ध्यावर अडतो. खाचेत तेल घालू नका, धूळ आणखी चिकटते. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे डबा लवकरच ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडायला लागतो. साधे १.५ व्होल्टचे अल्कलाइन वापरा. कोकणातल्या हवेत सेलच्या स्प्रिंगा गंजतात, त्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. वीज गेली तरी अडत नाही, हा मात्र खरा गुण.

आणि दाराला दोष देण्याआधी खुराडं तपासा. महिनाभर नीट आत जाणारी पिल्लं अचानक बाहेर राहू लागली, तर दोन कारणं आधी पाहावीत. पहिलं, तांबडे माइट (कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे). दिवसा ते दांडीच्या सांध्यांत लपतात, रात्री रक्त पितात. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासा. लाल रेघा उमटल्या तर दांड्या काढून कडक उन्हात टाका, सांधे पेटत्या गॅसच्या झोताने शेका, भिंतींना चुना मारा. दुसरं, पत्र्याचं छप्पर. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात दिवसभर तापलेला पत्रा दिवेलागणीनंतरही आत धग सोडत राहतो. पिल्लं दारात चोची उघडून उभी राहतात आणि टायमर आपलं काम करून मोकळा होतो. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा टाका, संध्याकाळी पाचला पाणी शिंपडा आणि त्या दोन महिन्यांपुरती मिटायची वेळ आणखी १५ मिनिटं पुढे ढकला.

दहा-बारा पिल्लं असतील आणि संध्याकाळी घरी माणूस असेल, तर या दारात पैसे घालू नका. अर्ध्या इंची वेल्डमेशची जाळी आणि चांगली कडी घ्या. शेतावरचं खुराडं असेल, पक्षी वाटेला लागलेले असतील, तर दातेरी पट्टीचं टायमरवालं दार जरूर घ्या. रात्री टॉर्च घेऊन डोकी मोजायचं काम पहिला महिनाभर तरी सुटत नाही.