पोकेमॉन गोमधला स्टील टाईप: काही महिने वापरल्यानंतर

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन टाईप, म्हणजे प्रकार, असतात. त्यातल्या स्टील टाईपचं कौतुक बहुतेक जण एकाच वाक्यात उरकतात: कितीही मारा, हलत नाही. खरंय. पण नुसतं न हलता मॅच जिंकता येत नाही. पावसाळ्याच्या आधीपासून थंडी संपेपर्यंत रेडला (अनेकांनी मिळून एका बॉसशी लढाई) आणि बॅटल लीगला (खेळाडू विरुद्ध खेळाडू) जमेल तिथे स्टीलच पुढे केला, त्यानंतरचं हे मत आहे. नव्याने स्टारडस्ट (पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी डस्ट) ओतायच्या विचारात असाल तर आधी वाचा.

कागदावर याच्याइतका भक्कम टाईप दुसरा नाही. नॉर्मल, ग्रास, आइस, फ्लाइंग, सायकिक, बग, रॉक, ड्रॅगन, स्टील आणि फेअरी अशा दहा टाईपांचा मार याला कमी लागतो, वर पॉयझनचा जवळपास लागतच नाही. मूळ गेम्समध्ये पॉयझनचा स्टीलवर परिणाम शून्य. गोमध्ये शून्य हा प्रकारच नाही, तिथे ०.३९ पट मार बसतो. साधा रेझिस्टन्स (मार कमी लागणं) ०.६२५ पट, कमजोरी १.६ पट आणि दोन्ही टाईप एकाच माराला कच्चे असतील तर थेट २.५६ पट. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, स्टीलवाल्यांची अर्धी दुखणी त्यातूनच येतात.

कमजोऱ्या तीनच: फायर, फायटिंग, ग्राउंड. ऐकायला कमी वाटतात, पण ज्याच्याकडे एखादा चॅरिझार्ड (फायर), मॅशँप (फायटिंग) किंवा स्वॅम्पर्ट (ग्राउंड) नाही असा खेळाडू शोधून दाखवा. कालपरवा गेम डाऊनलोड केलेल्या पोराकडेसुद्धा तिघांपैकी एक तरी असतो.

हल्ल्याच्या बाजूला तर हात आखडताच आहे. स्टीलचा मार जोरात लागतो तो फक्त आइस, रॉक आणि फेअरीला. फायर, वॉटर, इलेक्ट्रिक आणि समोरचा स्टील यांना तो लागल्यासारखाच होत नाही. त्यातही फेअरी आलाय २०१३च्या एक्स आणि वाय गेम्सपासून. त्याआधी स्टीलला मारायला आइस आणि रॉक एवढेच होते. बदल्यात त्याच वेळी घोस्ट आणि डार्कचा रेझिस्टन्स काढून घेतला, आणि तो तोटा मला अजून खुपतो. का, ते पुढे येईलच.

आता महाराष्ट्रात खेळणाऱ्यांसाठी मुद्द्याची गोष्ट. गोमध्ये हवामानाप्रमाणे ठरावीक टाईपांचा मार १.२ पट होतो. ऊन पडलं की फायर, ग्रास आणि ग्राउंड. ढगाळ असलं की फेअरी, फायटिंग आणि पॉयझन. स्टीलला ही बढती कधी मिळते? बर्फ पडल्यावर! म्हणजे आपल्याकडे आठ महिने ऊन फायर-ग्राउंडला बळ देणार, उरलेल्या दिवसांत ढग फायटिंगला देणार, आणि स्टील बिचारा तोंड बघत बसणार. स्टीलचे तिन्ही वैरी आपल्याच आभाळात राहतात. बढती नसली की रानातले स्टीलवालेही चढ्या लेव्हलचे सापडत नाहीत, त्यामुळे मेटाग्रॉससारखा स्टील पोकेमॉन उभा करायला डस्ट जास्त जाते. बॅटल लीगमध्ये मात्र हवामान मोजत नाहीत, हे एक बरं.

बर्फातला स्टील काय असतो ते मी रिमोट रेडमध्ये (दूरच्या जागेवरची रेड घरबसल्या) पाहिलं. टोरांटोला मावसबहीण असते, ती हिवाळ्यात आमंत्रणं पाठवते, आणि हवामान जिम (गेममधला लढाईचा अड्डा) जिथे आहे तिथलं धरतात. रॉक टाईपच्या रेजिरॉकसमोर मेटाग्रॉसची बुलेट पंच ही स्टील मूव्ह: रॉकवर १.६ पट, स्वतःचा टाईप म्हणून १.२ पट, बर्फाचे आणखी १.२ पट. गुणाकार करून बघा, २.३च्या वर जातो. तोच मेटाग्रॉस नाशिकच्या उन्हात १.९च्या आसपास अडकतो. फरक डोळ्यांना दिसतो, बॉसची पट्टी सरसर उतरते.

मेटाग्रॉस हा या टाईपचा खरा पैसा वसूल करून देणारा, पण एका अटीवर. त्याला मेटिऑर मॅश ही स्टील मूव्ह हवी. ती साध्या टीएमने (मूव्ह बदलायच्या वस्तूने) मिळत नाही. ऑक्टोबर २०१८च्या कम्युनिटी डे या इव्हेंटला पहिल्यांदा दिली, आता एखाद्या इव्हेंटची वाट बघा नाहीतर एलिट टीएम खर्च करा. फ्लॅश कॅननवाला मेटाग्रॉस रेडला घेऊन येणाऱ्यांना आमच्या ग्रुपवर कुणी काही बोलत नाही, पण मनात सगळेच बोलतात. डस्क मेन नेक्रोझमा त्याच्याही वरचा आहे, पण त्याच्या मागे लागणं म्हणजे वेगळंच लचांड.

घोस्टचं दुखणं मला मेगा गार्डेवॉरच्या रेडला कळलं. गार्डेवॉर सायकिक-फेअरी, मेटाग्रॉस स्टील-सायकिक, म्हणजे जोडी आपल्या बाजूची. त्या दिवशी देवळाजवळच्या जिमवर आभाळ भरलेलं, म्हणजे तिची चार्म ही फेअरी मूव्ह वाढलेली. तरी ०.६२५ गुणिले १.२ म्हणजे ०.७५, मेटाग्रॉस आरामात झेलत होता. ती कन्फ्यूजन ही सायकिक मूव्ह मारणारी असती तर ०.३९. आणि मग तिने शॅडो बॉल हा घोस्ट मार सोडला. मेटाग्रॉस सायकिक असल्यामुळे १.६ पट, आणि स्टील आता घोस्ट अडवत नाही. पहिला मेटाग्रॉस तिथेच आडवा. जुन्या नियमाने हाच मार साधा लागला असता. म्हणून फेअरी बॉस दिसला की डोळे झाकून स्टील भरू नका, त्याची चार्ज मूव्ह (एनर्जी भरल्यावर सुटणारा मोठा मार) कुठली ते आधी बघा.

लीगमध्ये चित्र बरंच वेगळं आहे. तिथे टिकून राहण्याला किंमत आहे, आणि १५०० सीपीची (ताकदीच्या आकड्याची) मर्यादा असलेल्या ग्रेट लीगमध्ये स्टील टाईपचा रेजिस्टील अजूनही डोकं उठवतो. लॉक-ऑन या त्याच्या झटपट मूव्हने मार नावालाच लागतो, पण एनर्जी पटापट भरते. मग समोरच्याला ओळखायचं असतं की येतोय तो फोकस ब्लास्ट (फायटिंग) की झॅप कॅनन (इलेक्ट्रिक). वॉटर-फेअरी अझुमारिलवाला झॅप कॅननच्या धास्तीने शील्ड (मार अडवणारी ढाल) टाकतोच टाकतो. फायटिंगवाला समोर आला आणि तुमचा स्विच लॉक असला (पोकेमॉन बदलता येत नसला) की मात्र फोन खाली ठेवून चहा घ्यावा. दुसरी चार्ज मूव्ह उघडायला १,००,००० स्टारडस्ट आणि १०० कँडी लागतात, आणि तिच्याशिवाय रेजिस्टील अर्धाच. हा खर्च माझ्या मते वाजवी आहे.

स्कार्मरी माझा सगळ्यात लाडका, आणि लोक त्याला उगाच विसरतात. फ्लाइंग जोडीला असल्यामुळे ग्राउंडची कमजोरी उलटून रेझिस्टन्स होते, फायटिंग साधा लागतो. उरतात फायर आणि इलेक्ट्रिक. स्टीलच्या तीन वैऱ्यांपैकी दोघांना एकट्याने गप्प करणारा आणि मिळायला सोपा असा दुसरा कोण आहे? चिखल उडवणाऱ्या विस्कॅशसमोर तो सोडून बघा.

याच्या उलट टोक बॅस्टिओडॉन. रॉक-स्टील, बचाव अफाट, फ्लाइंगवाले त्याला बघूनच स्विच करतात. पण ग्राउंड आणि फायटिंग दोन्ही २.५६ पट. मड शॉट या ग्राउंड मूव्हवाला कुणी समोर आला की दोन श्वासांत खेळ खलास. सायझर (बग-स्टील) आणि फेरोथॉर्न (ग्रास-स्टील) यांची हीच गत फायरसमोर. मूव्ह चांगल्या असूनही मी ते दोघं बाजूला ठेवले. स्टील घेताना जोडीचा टाईप कमजोरी मिटवतो की दुप्पट करतो एवढंच बघितलं तरी निम्मी निवड होते.

मास्टर लीगसाठी (जिथे सीपीची मर्यादा नाही) स्टील-ड्रॅगन डिआल्गा. ड्रॅगन असून फेअरीला घाबरत नाही, फायरही साधाच लागतो. फायटिंग-ग्राउंड सांभाळले की झालं. स्टीलच्याच मेल्मेटलबद्दल विचाराल तर त्याला लागणाऱ्या ४०० कँडी आहेत का ते आधी सांगा.

जिम राखायला स्टील ठेवू नका. कुणीतरी मॅशँप घेऊन फिरत असतोच, जेवायच्या आत तुमचा गडी घरी परत येतो. आणि जिम पाडायलाही नको, कारण आत बसलेल्या नॉर्मल टाईपच्या ब्लिसीला स्टीलचा मार साधाच लागतो आणि घड्याळ संपतं.

माझ्याकडे आता मेटिऑर मॅशवाले मेटाग्रॉस रेडपुरते, स्कार्मरी आणि रेजिस्टील ग्रेट लीगला. पुढची डस्ट डिआल्गाला. सध्या ड्रॅगन रेडला लागणाऱ्या आइसवाल्यांकडे वळलोय, जरी बर्फाची अडचण तिथेही तीच आहे.