टेल लाइटचं कनेक्शन: घासायचं, जोडायचं की वायरिंगच बदलायचं?

ब्रेक दाबला की टेल लाइट मंदावतो, इंडिकेटर लावला की शेजारचा दिवाही त्याच्या तालावर लुकलुकतो. जुन्या गाडीत असं दिसलं की नवा बल्ब आणायला धावू नका. होल्डरमधून बॉडीकडे जायची सरळ वाट बंद झाली, की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परतायला बघतो. थोडक्यात, अर्थिंग गेलंय.

खात्री करायची तर दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या पत्र्याला लावा, दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला. शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष तिथेच. व्होल्टेज 10 टक्के पडलं तरी फिलामेंटच्या बल्बचा उजेड साधारण 30 टक्क्यांनी घटतो, आणि मागच्या गाडीला तोच दिसायचा असतो.

सगळ्यात स्वस्त उपाय घासण्याचा. बॅटरीची वायर काढा, होल्डरची आतली बाजू आणि अर्थचा स्क्रू बारीक पॉलिश पेपरने घासा. कळकलेलं पितळ पिवळं दिसू लागलं की थांबा. स्क्रूखालचा रंग मात्र पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडायचा, कारण नव्याने रंगवलेल्या गाडीत हा रंगच करंट अडवतो. घट्ट बसवल्यावर वरून थोडं व्हॅसलीन. निम्मं काम इथेच संपतं, असा माझा अनुभव. पण होल्डरमधली स्प्रिंग मेली असेल तर घासण्याचा उपयोग दोन पावसाळ्यांपुरताच, होल्डर बदला.

वायर टोकाशीच कुजली असेल तर सोल्डर (डाग देऊन जोडणं) की क्रिंप (वायरच्या टोकावर धातूचा तुकडा, म्हणजे लग, चेपून बसवणं)? डाग दिलेला जोड दिसतो छान, पण वितळलेलं सोल्डर तारांमध्ये जिथवर चढतं तिथवर वायर कडक होते आणि त्या कडक भागाच्या कडेला गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. डिकीच्या झाकणाजवळ, जिथे वायर रोज वाकते, तिथे सोल्डर नकोच. मी क्रिंप घेतो, तोही रॅचेटच्या पकडीने (पूर्ण दाबल्याशिवाय ती सुटत नाही), वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. साध्या पकडीने चेपलेला लग हलक्या हाताने ओढला तरी निसटतो. सोल्डर करायचंच तर रोझिन फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचा राळेचा लेप) वापरा. नळकामाचा ॲसिड फ्लक्स तांबं खातो. काळी वायर कापल्यावर आतलं तांबंही काळं निघालं, तर चकाकी दिसेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर कुठलाच जोड टिकत नाही.

पूर्ण वायरिंग? इन्सुलेशन वाकवताच तडकत असेल, किंवा आधीच्या मालकांनी टेप गुंडाळून चार-पाच जोड मारले असतील, तरच. पैसा आणि दोन-तीन दिवस जातात. बदलताना जुनी वायर ओढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधा. नवी वायर त्याच वाटेने आत ओढून घेता येते. नाहीतर छताचं अस्तर उतरवायची पाळी येते.