कारवीच्या रानात हंटर शूज: कुठे चालतात, कुठे दगा देतात

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याची वाट आता इतकी मळलेली आहे की तिथं कुठलाही बूट चालून जातो. बुटाची परीक्षा होते ती पायवाट संपल्यावर, डोंगराची सोंड धरून पुरुषभर उंच कारवीच्या झुडपांतून एखादा आडबाजूचा माथा गाठताना. (कोयना अभयारण्याच्या हद्दीत हा उद्योग करू नये. तिथं वनखात्याची परवानगी घ्यायची आणि ठरलेली वाट सोडायची नाही.) अशा चढाईला हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे हंटर शूज घ्यावेत का?

सातारा जिल्ह्यात ते मिळायला अडचण नाही. घरोघरी सैनिक असलेल्या मिलिटरी अपशिंगे गावाचा जिल्हा हा, भरतीचं सामान ठेवणारं दुकान शोधावं लागत नाही. किंमत महागड्या ट्रेकिंग बुटाच्या पाव हिश्शाच्याही आत.

यांचा मोठा गुण म्हणजे उंची. कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडतात ती तिरक्या घावानं, आणि मागे राहिलेले टोकदार खुंट गवतात दिसत नाहीत. ते बरोबर घोट्याला लागतात. जाळीचा पळायचा बूट तिथं फाटतो, कॅनव्हासवर नुसता ओरखडा उठतो. करवंदीच्या जाळीतही तेच. ओढ्यात भिजले तरी कॅनव्हास लवकर वाळतो. मात्र चुलीजवळ ठेवू नका, रबराची चिकटवण सुटते.

घेताना जीभ तपासा. ती दोन्ही बाजूंनी शिवलेली नसेल तर पावसाळ्यानंतरची कुसळं थेट मोज्यात शिरतात आणि तासाभरात चालणं नकोसं होतं. तरीही वरून जुन्या जीनच्या पायाचा फूटभर तुकडा, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घालून, पोटरीवर चढवावाच. लोकरी मोजे कुसळं ओढून घेतात, वरचा मोजा नायलॉनचा असू द्या. खाजकुयलीच्या शेंगांची लवही या तुकड्यावरच अडते. ती हातानं झटकू नये, चिकटपट्टी लावून उचलावी.

माप एक नंबर मोठं घ्या. चढताना डोंगराच्या सगळ्या धारा माथ्यालाच मिळतात, उतरताना मात्र त्यांना फाटे फुटतात. चुकीचा फाटा पकडला की परत वर चढून पुन्हा उतरणं आलं, आणि तंग बुटात अंगठ्याची नखं काळी पडतात. मिळालेल्या जागेत वेगळा जाड सोल घाला, मूळचा आतला सोल पुठ्ठ्याच्या लायकीचा असतो. उतरणीआधी घोट्यापाशी नाडी दुहेरी पीळ देऊन आवळली की पाय पुढे सरकत नाही.

आता उणी बाजू. मातीत आणि मुरमाच्या घसाऱ्यावर तळ बऱ्यापैकी धरतो, ओल्या शेवाळलेल्या कातळावर अजिबात नाही. कातळावर ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज कितीतरी सरस, पण ते घोटा उघडा ठेवतात. डिसेंबरनंतर वाळलेलं गवत उताराच्या दिशेनं आडवं पडतं. त्यावर झिजलेला हंटर सरळ घसरतो, म्हणून तळाची खाच गुळगुळीत झाली की बूट बदला. घसरताना फुलून गेलेल्या कारवीला धरू नये. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून बी धरलं की ती मरते, आणि वाळका दांडा हातात मोडून येतो. हिरवी कारवी मात्र, चार-पाच दांडे एकदम मुळापाशी धरले तर, वजन पेलते.

पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल तर हा बूट नको. कॅनव्हास घोट्याला झाकतो, आधार देत नाही. पुढच्या दुमडीवर रबराची पट्टी सगळ्यात आधी सुटते. दोन हात सुतळी जवळ असली की बांधून गाव गाठता येतं.

माण, आटपाडी, जतकडच्या माळावरच्या टेकड्यांसाठी हे घेऊच नका. तिथं कारवी नाही, बाभळ आहे, आणि तिचा काटा या तळातून आरपार येतो.